दोन तारे

पत्ता मीच काढून दिला होता त्याला,
वाशीत, सेक्टर सतराला, तासाला वीस रुपयेवाल्या कॅफेत,
प्लायवूडच्या खोपट्यात, दोघांत एक खुर्ची.
नाव काय टाकू? म्हणाला, नाखवा.
नाखवा आधीच कुणीतरी घेतलेला.
नाखवा एक, नाखवा सात, तेही गेलेले.
मग नाखवा, खाली रेघ, दिवाळे, एक्याऐंशी.
तोवर होडी त्याने एकदाही
एकट्याने बाहेर काढली नव्हती.

परवा तो पत्ता सापडला
साडेबारा टक्क्यांच्या फायलीत,
सातबाऱ्याच्या झेरॉक्समागे, माझ्याच अक्षरात.
फाईल तीच, जिच्यावरून तो गेला.
प्लॉट कुणाच्या नावे, सही कुणाची राहिली,
काका काय बोलले, ते इथे लिहीत नाही.
नऊ वर्षं. नंबर बंद.

मनस्वी म्हणाली, मेल आयडी आहे ना?
मग माणूस जातो कुठे.

पहिल्या चौकटीत टाकला : असं कोणी नाही.
दुसरीत एक राखाडी डोकं, डोळे नसलेलं,
मित्र चार, त्यातला एक टायरचं दुकान.
तिसरीने विचारलं, पासवर्ड विसरलात?
आणि न मागता सांगून टाकलं
की फोनच्या शेवटी सत्तेचाळीस आहे,
बाकी नुसत्या चांदण्या.
चौथीने विचारलं,
तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव?

निवटी.
खाजणाच्या चिखलात सापडली म्हणून निवटी,
मांजर असून.
हे आता जगात दोघांनाच ठाऊक.
नि टाईप केलं. व टाईप केलं.
मनस्वी स्क्रीनकडे बघत होती, मी तिच्याकडे.
दोन्ही अक्षरं पुसली.
कडी आपल्याला काढता येते म्हणून
कुणाच्याही घरात शिरायचं का?

मध्येच माझा पत्ता टाकून पाहिला.
वीजबिलाची एक तक्रार, उत्तर न आलेली.
शाळेच्या बॅचचा फोटो, त्यात मी अर्धी.
आणि लग्न जुळवायच्या साईटवर एक खातं
बंद करायचं राहून गेलेलं :
वय सव्वीस, वर्ण गव्हाळ, स्वभाव मनमिळाऊ.
तिथे मी अजून स्थळ बघते आहे.
त्याने शोधलं असतं तर अशी सापडले असते.
शोधलं का, ते कुठेच दिसत नाही.

मग नकाशावर निघाला.
नाखवा, सात अभिप्राय, सगळे काकिनाड्याचे.
पेट्रोल पंप, पाच तारे : हवा फुकट.
चप्पल शिवणारा, पाच तारे : माणूस चांगला.
एक दवाखाना, एक तारा,
पुढे शब्द नाही.
तिथे बराच वेळ थांबले.
तारीख मागच्या श्रावणातली.
त्याच्या नंतर, दोन महिन्यांनी, एक खानावळ :
दोन तारे.
बोंबील शिळे. आमच्याकडे असे वाढत नाहीत.

मराठीत. त्या तेलुगू गावात.
मी ते आमच्याकडे वाचलं,
पुन्हा वाचलं,
मनस्वीला म्हटलं, पाणी आण गं जरा.

खाली बारीक अक्षरांत विचारलं होतं,
हा अभिप्राय उपयोगी वाटला का?
मेसेज करता आला असता.
सत्तेचाळीसच्या मागचे आकडेही, मनस्वी म्हणते,
काढून देणारे लोक असतात, पैसे घेऊन.
मी नुसतं होय दाबलं.
शून्याचं एक झालं.
ते माझं आहे हे त्याला कळणार नाही,
पण कळलं तरी चालेल, एवढंच.

आई ओटीवर कोलंबी सोलत होती.
गावला का त्यो?
म्हटलं, आंध्रात आहे. लांब.
म्हणतो तिथले बोंबील शिळे असतात.

तिने कोलंबीची शेपटी तोडली, टोपलीत टाकली,
आणखी एक तोडली.
म्हंजे खाल्ले त्यानी, म्हणाली.